टाका बसेना, एमसीबी टिकेना : वाचकांचे प्रश्न, एका वेल्डरची उत्तरं

१९८८ साली नागपूरजवळच्या वाडीत ट्रकच्या बॉड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा वेल्डिंग मशीन म्हणजे तेलानं भरलेला लोखंडी डबा असायचा. त्याला चाकं होती, पण ढकलायला आम्ही चार पोट्टे लागायचो, आणि दोन फेज जोडल्याशिवाय तो हूं की चूं करत नसे. आता सहा-सात किलोचं इन्व्हर्टर मशीन पट्ट्यानं खांद्याला अडकवून लोक स्कूटीवर नेतात. नेऊ द्या, मीही नेतो. पण डबा लहान झाला म्हणून त्याच्यातली वीज लहान झाली, असा समज पसरला आहे आणि या वेळच्या पत्रांत तो ठिकठिकाणी दिसतो. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं.

घरी गेट आणि गच्चीवरच्या शेडचं काम करायला २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलं. स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटला लावलं तर कधी चालतं, कधी एमसीबी (आपोआप पडणारा खटका) पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ३२ चा एमसीबी टाकून देतो. दुसरा म्हणतो, २०० अँपिअरचं मशीन घरी चालतच नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, मानेवाडा

भाऊ, दोघांचंही ऐकू नका.

२०० अँपिअर हा मशीनच्या तोंडातून बाहेर पडणारा आकडा आहे, भिंतीतून आत जाणारा नाही. मशीन म्हणजे सुट्टे देणारा दुकानदार समजा. तुम्ही २३० व्होल्टची मोठी नोट देता, तो वीस-पंचवीस व्होल्टची चिल्लर परत करतो. व्होल्ट कमी, अँपिअर जास्त. बारा नंबरच्या म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला ८० अँपिअर ठेवले, तर भिंतीतून साधारण १३-१४ अँपिअर ओढले जातात. दहा नंबरचा रॉड लावून ११० वर गेलात की हाच आकडा २० च्या घरात जातो. आणि कोणी हौसेनं बटण पूर्ण २०० वर फिरवलं, तर ४० च्या आसपास. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर बारा नंबरचा रॉड, थांबत थांबत, इतकंच काम करायचं. तुमच्या गेटच्या चौकोनी पाइपला तेवढं पुरतं. एमसीबी पडतो तेव्हा बटण कितीवर होतं ते आठवून बघा, उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

३२ च्या एमसीबीचं म्हणाल, तर एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. त्या सॉकेटला आतून अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, वायर आली असेल आणि तुम्ही पुढे ३२ चा एमसीबी बसवला, तर वायर भिंतीत शिजत राहील आणि एमसीबी शांत बसेल. पहारेकऱ्याला झोपेची गोळी देण्यातला प्रकार आहे हा. मोठ्या रॉडचं काम नेहमीचं असेल तर मीटरपासून वेगळी चार स्क्वेअरची तांब्याची वायर ओढून घ्या, तिला २० चा सी-कर्व्ह (सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, आणि घराचा मंजूर लोड किती आहे तेही त्याला बिलावर बघायला सांगा.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गच्ची म्हटली की तो आलाच. दिवाळीच्या माळांचा बोर्ड इथे नको. तीन कोअरची जाड केबल घ्या, आणि रीळवर गुंडाळलेली असेल तर शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता आतच कोंडते. मी अशी एक रीळ पाहिली आहे; बाहेरचे चार वेढे नव्यासारखे, आतले सगळे वितळून एकमेकांना चिकटलेले, कापल्यावर तुपातल्या जिलबीसारखे दिसले.

हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर तोडून दोन पिनांवर मशीन चालवणारे महाभाग आहेत. मशीनची बॉडी लोखंडी असते. आत एखादी वायर सुटून तिला टेकली, तर हिरवी वायरच तुम्हाला वाचवते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, असेल तर उत्तम. पण तो फक्त भिंतीपासून मशीनपर्यंतच्या गळतीवर लक्ष ठेवतो. होल्डरच्या, म्हणजे रॉड धरायच्या मुठीच्या, बाजूची वीज आतल्या ट्रान्सफॉर्मरनं वेगळी केलेली असते, तिथे झटका बसला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला, कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. मे महिन्यात घामानं निथळलेल्या हाताला जाणवतात, आणि ओल्या गच्चीवर बसून काम करणाऱ्याला जिवावर बेतू शकतात.

शेतावर ट्रॉली आणि मळणीयंत्राची दुरुस्ती करतो. काम झालं की यंत्र खरखर करते. वेल्डिंग तर पक्के होते. अर्थिंगचा चिमटा कुठेही लावला तर चालतो ना?
— एक शेतकरी, काटोल तालुका

चालतो असं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो दादा.

आमचे उस्ताद शाळेत चौथीपुढे गेले नव्हते, पण नव्या पोट्ट्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: "आलेली वीज घरी कशी जाईन, ते आंधी पाह्य." होल्डरमधून निघालेली वीज रॉडमधून लोखंडात उतरते आणि चिमट्यातून मशीनकडे परत जाते. मधल्या रस्त्यात जे काही येईल त्याच्यातून ती जाते. तुम्ही चिमटा यंत्राच्या सांगाड्याला लावला आणि वेल्डिंग केलं शाफ्टवरच्या पुलीला, तर दोघांच्या मधे काय आहे? बेअरिंग. शंभर अँपिअर त्या छोट्या छर्‍यांमधून उड्या मारत जातात. जिथे छर्रा आणि रिंग टेकतात तिथे बारीक ठिणगी पडून खड्डा होतो. डोळ्यांना दिसत नाही, कानाला खरखर ऐकू येते, आणि महिन्याभरात बेअरिंग जाते. तुमचं यंत्र तेच सांगून राहिलं आहे.

हे मी कोणाला शिकवायला सांगत नाही, स्वतः केलेलं आहे. १९९१ मध्ये एका ऑइल एंजिनाच्या पुलीला मी चिमटा दूर पायाला लावून टाका मारला होता. मालक तीन आठवड्यांनी बेअरिंग हातात घेऊनच आला. काही बोलला नाही, माझ्या टेबलावर ठेवून गेला. पैसे माझ्या पगारातून कापले गेले.

तेव्हा चिमटा जिथे टाका मारायचा त्याच तुकड्यावर, वीतभर अंतरावर. त्या जागेचा रंग, गंज, माती घासून लोखंड चकचकीत करा. चिमटा गंजावर बसला तर वीज अडखळते, चिमट्याखाली लोखंड तापतं, आणि तुम्ही बसता रॉडला शिव्या देत. ट्रॅक्टर किंवा गाडीवर काम असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं आधी सोडवा, निगेटिव्ह आधी. अल्टरनेटर आणि नव्या गाड्यांमधला ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) या भानगडीत जळतात. ई-रिक्षाच्या लिथियम बॅटरीजवळ तर ठिणगीही नको. बॅटरी गाडीतून उतरवूनच काम करायचं.

मशीनच्या पुढच्या दोन भोकांत केबलचे जे पिळून बसवायचे कनेक्टर असतात, तेही दर वेळी घट्ट पिळा. ढिला कनेक्टर आधी काळा पडतो, मग त्याचं प्लास्टिक मऊ होतं. काळा डाग दिसला की समजा, वीज तिथे अडखळते आहे.

व्हिडिओ बघून शिकतो आहे. रॉड टेकवला की चिकटतो. सोडवला की आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) विझतो. चार दिवसांत अर्धा पुडा संपला, एक टाका धड नाही.
— एक तरुण वाचक, नंदनवन

अर्धा पुडा म्हणजे काहीच नाही बेटा. माझा पहिला महिना रॉडची थुटकं गोळा करण्यातच गेला.

पण चिकटण्याला कारणं असतात. पहिलं, अँपिअर कमी. माणूस नवा असला की भीतीनं बटण ५० वर ठेवतो. पाच मिलिमीटरच्या पट्टीवर बारा नंबरचा रॉड आधी ८० वर लावून बघ. दुसरं, चिमट्याखालचा गंज. वरचं उत्तर वाच. तिसरं, रॉडनं ओल धरलेली असते. चौथं म्हणजे हात, आणि त्यावर जरा थांबून सांगतो.

रॉड ठोकायचा नाही, ओढायचा. काडीपेटीवर काडी ओढतो तसा पट्टीवर तिरपा घसटायचा, आणि ठिणगी पेटली की लगेच किंचित वर घ्यायचा. किती वर? रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकं. अडीचच्या रॉडला अडीच मिलिमीटर, बस. त्याहून वर गेलास तर आर्क लांबते, आवाज फुसफुसतो, थेंब इकडेतिकडे उडतात. खाली आलास तर चिकटतो. योग्य अंतरावर कढईत भजी सोडल्यासारखा सलग, भरलेला चर्र आवाज येतो. हा आवाज कानात बसला की डोळ्यांचं निम्मं काम कमी होतं. आणि एक गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही: रॉड जळत जातो, म्हणजे छोटा होत जातो. हात एका उंचीवर धरून पुढे सरकलास तर अंतर आपोआप वाढतं. पुढे जाताना हात खालीही येत राहिला पाहिजे. दोन्ही हालचाली एकाच वेळी. सायकल शिकण्यासारखं आहे, एका क्षणी जमतं आणि मग आयुष्यभर जमतं.

उजेडाकडे बघू नकोस. रॉडच्या मागे वितळलेल्या लोखंडाचं जे तळं असतं त्याकडे बघ. त्यावर तरंगणारी मळी मागे राहिली पाहिजे. ती पुढे पळाली तर टाक्याच्या पोटात अडकते आणि वरून गोरा दिसणारा टाका हातोडीच्या एका ठोक्यात उघडतो. रॉडचं होल्डरकडचं टोक जिकडे पुढे सरकतोस तिकडे झुकवून, उभ्यापासून पंधरा-वीस अंश कललेला ठेव, म्हणजे आर्कचा दाब मळीला मागे ढकलेल.

चिकटलाच तर हिसका मारून ओढू नकोस. मनगटानं डावी-उजवीकडे पीळ दे. तरीही सुटला नाही तर होल्डरची पकड दाबून होल्डर बाजूला घे. रॉड पट्टीवर राहू दे, थंड झाल्यावर तोड. बहुतेक इन्व्हर्टर मशीनमध्ये रॉड चिकटला की करंट आपोआप पाडायची सोय असते, पण तिच्या भरवशावर चिकटलेला रॉड लाल होईपर्यंत बघत बसू नये.

गेटच्या पातळ, १६ गेजच्या पाइपवर आत्ताच जाऊ नकोस. आधी इतवारीत लोहा ओळीत जा, भंगारातल्या पट्टीचे दोन-चार किलो तुकडे आण आणि त्यावर रेघा मार. पाइपवर जाशील तेव्हा ५५-६५ अँपिअर, होल्डर मायनसला, आणि सलग रेघ न ओढता छोटे छोटे टाके, मधे थंड होऊ देत. होल्डर मायनसला असला की लोखंडात उष्णता कमी शिरते, भोक पडत नाही.

आमचे मालक दिवसभर गेटचं काम करून आले. संध्याकाळी ठीक होते. रात्री एक वाजता उठून बसले, डोळ्यांतून पाणी, उजेड सहन होईना. सासूबाईंनी बटाट्याचे काप ठेवले, शेजारी म्हणतात दुधाचे थेंब टाका. काय करावं?
— एक गृहिणी, पारडी

ताई, पत्र पोचेपर्यंत ते बरे झाले असतील, पण पुढच्या वेळेसाठी सांगतो, कारण पुढची वेळ येते.

याला आमच्यात डोळे लागणं म्हणतात. आर्कमधून अतिनील किरणं निघतात आणि डोळ्याचा वरचा नाजूक पापुद्रा उन्हानं कातडी जळावी तसा जळतो. गंमत अशी की तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, नेमकं झोपेत, डोळ्यांत कोणीतरी मूठभर रेती टाकल्यासारखं वाटतं. साधारण एक-दोन दिवसांत भरून येतं.

बटाटा नको, दूध नको, गुलाबपाणी नको. जळलेल्या पापुद्र्यावर मातीतला बटाटा किंवा कच्चं दूध म्हणजे जंतूंना जेवायला बोलावणं. डोळे चोळायचे नाहीत, लेन्स असतील तर काढायच्या, अंधाऱ्या खोलीत बंद डोळ्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला गार कपडा ठेवायचा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मेडिकलमधून डोळे बधिर करणारे थेंब आणून टाकत राहणारे लोक मी पाहिले आहेत. दुखणं जातं, पण पापुद्रा भरत नाही आणि कायमचं नुकसान होऊ शकतं. दोन दिवसांत फरक नसेल, दिसायला कमी झालं असेल किंवा डोळ्यात कण गेल्याची शंका असेल तर थांबू नका.

आता मालकांना वाचून दाखवा. काळा गॉगल ही वेल्डिंगची काच नाही. बारा आणि दहा नंबरच्या रॉडला १० किंवा ११ शेडची (काचेच्या काळेपणाचा नंबर) काच लागते, आणि ती पूर्ण चेहरा झाकणाऱ्या शिल्डमध्ये. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं असेल तर रोज कामाआधी उन्हाकडे धरून काच काळी होते का ते बघायचं. चांगल्या हेल्मेटची काच काळी नसतानाही अतिनील किरणं अडवते, म्हणून पहिल्या क्षणाच्या झळीची भीती नको. पण बॅटरी संपलेलं हेल्मेट घालून काम करणं म्हणजे साध्या काचेतून आर्ककडे बघणं. सगळ्यात जास्त डोळे लागतात ते वेल्डरचे नाहीत, पाइप धरून उभ्या असलेल्या मदतनिसाचे आणि बघायला जमलेल्या पोरांचे. ताई, तुमच्या अंगणात काम चालू असेल तर मधे पत्रा किंवा जाड ताडपत्री उभी करायला लावा.

आणि तो दुपट्टा. नागपूरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय आपण निघत नाही, वेल्डरही तोच बांधून शिल्डखाली बसतो. सुती असेल तर मान झाकायला उत्तमच, मी स्वतः वापरतो. नायलॉनचा असेल तर एक ठिणगी पुरे. तो नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो. टेरिकॉटच्या शर्टालाही हेच लागू. पँटची खालची घडी उलगडून ठेवायची, नाहीतर ठिणगी तिथेच घर करते.

खिडकीला कूलर लावलेला आहे. त्याचं स्टँड हलतं. कूलर न काढता जागेवरच दोन टाके मारून द्या म्हटलं तर वेल्डर नाही म्हणतो. दोन टाक्यांसाठी एवढे नखरे?
— एक वाचक, सक्करदरा

नखरे नाहीत, तो शहाणा आहे. त्याला चहा पाजा.

कूलरच्या तीन बाजूंना काय असतं? गवताच्या नाहीतर खसच्या ताट्या. वाळलेल्या ताटीइतकी पेट घेणारी वस्तू घरात दुसरी नाही. वेल्डिंगची ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत जाते, आणि ताटीत शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते. वेल्डर पैसे घेऊन गेल्यावर पेटते. ताटी ओली आहे म्हणाल, तर मग कूलरमध्ये पाणी आहे, पंप आहे, खाली फरशी ओली आहे, आणि लोखंडी टाकीला वेल्डिंगची वीज जोडायची आहे. दोन्हीकडून मरण.

प्लग काढा, पाणी सोडा, कूलर उतरवा, ताट्या दुसऱ्या खोलीत न्या, पडदे काढा. मग दोन टाके. बादलीभर पाणी आणि घमेलंभर रेती जवळ ठेवायची. रेती मशीनसाठी, कारण चालू मशीनवर पाणी मारायचं नसतं. काम झाल्यावर तासभर कोणीतरी तिथेच बसायचं आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीवरही नजर ठेवायची. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत, कूलर बाहेर काढला त्याच दिवशी स्टँड हलवून बघितलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, पण ते आपल्याकडून होत नाही, माझ्या घरीही नाही.

दहा-पंधरा मिनिटं काम केलं की पिवळा दिवा लागतो आणि मशीन बंद पडतं. थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं. दुकानात दाखवलं तर काही खराबी नाही म्हणतात. मशीन फसवं निघालं का?
— एक वाचक, कामठी

नाही. मशीन दम खाऊन राहिलं आहे.

मागच्या पट्टीवर बघा, ६० टक्के असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम, तोही तिथे लिहिलेल्या अँपिअरवर आणि ४० अंश तापमानात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. सहा मिनिटांची चार-साडेचार झाली तर तक्रार कोणाकडे करणार? पिवळा दिवा लागला की बटण बंद करू नका. पंखा फिरू द्या, त्यानंच ते थंड होतं. मशीन उन्हात ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका. मी एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला काम सुरू करून दहाला आवरतो. मशीनला सोसतं आणि मलाही.

दुसरी शंका धुळीची. शेजारीच ग्राइंडर चालवत असाल तर पंखा ते लोखंडाचं पीठ आत ओढतो आणि सर्किटवर अंथरतो. लोखंडाच्या पिठातून वीज जाते हे वेगळं सांगायला नको. ग्राइंडर मशीनपासून दूर, आणि महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीतून कोरडी हवा मारायची. झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट साठून असतात.

जीआय पाइपचा मांडव जोडला. रात्री थंडी वाजून ताप आला, तोंड गोड-गोड. सकाळी डेंग्यूची तपासणी केली, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप बरा झालो.
— एक वाचक, बुटीबोरी

तो जस्ताचा ताप. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, आर्कमध्ये त्याचा पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरते आणि एक-दोन दिवसांत उतरते. तपासणी केलीत ते बरोबरच केलंत. धाप लागली, छातीत दुखलं किंवा ताप उतरला नाही तर डॉक्टरला वेल्डिंगचं आवर्जून सांगा. तो विचारणार नाही.

गूळ खाऊन आणि दूध पिऊन धूर निघून जातो, ही आमच्या धंद्यातली जुनी समजूत. गूळ मलाही आवडतो. पण तो पोटात जातो, धूर छातीत. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त तीन-चार बोटं घासून काढा, वारा पाठीमागून नको, बाजूनं येईल असं बसा, म्हणजे धूर तोंडासमोर घुटमळत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क शिल्डखाली बसतो. घासलेल्या जागी नंतर झिंकचा रंग मारा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून गंज धरेल.

थोडक्यात काही

स्कूटरची पेट्रोल टाकी धुऊन वेल्डिंग केली तर? *(महाल)* — नाही. पाणी भरून? नाही. उन्हात आठ दिवस वाळवून? नाही. टाकीच्या घडीत राहिलेली वाफ पुरेशी असते. डिझेलच्या, तेलाच्या, रंगाच्या रिकाम्या ड्रमलाही हेच उत्तर. नवी टाकी घ्या.

वडिलांना पेसमेकर आहे, ते दुकानात माझ्याजवळ बसतात. *(हुडकेश्वर)* — हृदयाच्या डॉक्टरला विचारेपर्यंत त्यांना घरी बसवा. केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. केबल खांद्यावर गुंडाळून काम करायची सवय तुम्हीही सोडा.

पावसाळ्यातले रॉड फेकून द्यायचे का? *(मौदा)* — पुड्यावरचा नंबर बघा. ६०१३ चे असतील आणि कवच सुटलं नसेल तर कोरड्या उन्हात वाळवून चालवा. ७०१८ चे असतील तर ऊन पुरत नाही, त्यांना ओव्हनमध्ये ३००-३५० अंशांवर भाजावं लागतं. कवच तडकलं असेल तर कुठलाही असो, फेका. पुढच्या वर्षी पुडा फोडला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मुलगी बारावी झाली. तिला वेल्डिंग शिकायचं म्हणते. घरात सगळे हसले, मी नाही हसलो. कुठे पाठवू?
— एक वडील, हिंगणा

बरं केलंत. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथल्या प्रवेशाची चौकशी करा. माझ्याकडे आलेल्या पोरापोरींमध्ये मुलींचा हात मला जास्त स्थिर दिसला. मुलं लवकर घाई करतात आणि अँपिअर वाढवतात.

प्रवेश होईपर्यंत रविवारी सकाळी सात वाजता तिला शेडवर घेऊन या. चामड्याचे बूट, सुती फुल बाह्या, केस बांधलेले. शिल्ड आणि हातमोजे मी देईन. पहिल्या रविवारी रॉड हातात मिळणार नाही, हे तिला आधीच सांगा. एक गंजलेली पट्टी, एक वायर ब्रश आणि अर्थिंगचा चिमटा देईन. पट्टी घासायची, चिमटा लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, आणि दर वेळी बोटानं दाखवायचं की वीज कुठून येईल आणि कुठून परत जाईल. ते जमलं की दुसऱ्या रविवारी बारा नंबरचा अख्खा पुडा तिचा.